भरलेल्या पिकअपचे ब्रेक घाटात भरवशाचे वाटत नाहीत. नेमके काय बदलावे?

वाईची_वाट

नमस्कार. माझ्याकडे आठ वर्षे वापरलेली बोलेरो पिकअप आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि पायाचा जोर व्हॅक्यूमने वाढवणारा बूस्टर अशी तिची नेहमीचीच रचना आहे. हिवाळ्यात भिलार आणि पाचगणी परिसरातील स्ट्रॉबेरीचे क्रेट भरायचे, पसरणी घाटाने वाईला उतरायचे आणि खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याकडे जायचे, हा माझा नेमाचा फेरा. हंगाम सरला की आले, हळद, खताची पोती, पत्रे, जे भाडे मिळेल ते.

गाडी रिकामी असताना ब्रेकबद्दल माझी काहीच तक्रार नाही. भरलेली असली की मात्र दोन गोष्टी जाणवतात. पहिली म्हणजे पेडल बरेच खाली जाते आणि पहिल्या टप्प्यात जवळजवळ काहीच घडत नाही. दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. घाटाचा शेवटचा तिसरा हिस्सा उरतो तोवर पेडल पायाला घट्ट लागते, पण गाडी पूर्वीसारखी दबत नाही आणि पुढच्या चाकांकडून जळका वास येऊ लागतो. बोगदा ओलांडल्यानंतरच्या उतारावरच्या त्या इंग्रजी एस आकाराच्या वळणाशी पोहोचेपर्यंत माझे सगळे लक्ष पायाखालीच असते.

आतापर्यंत ब्रेक ऑइल बदलले, तीनदा ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढून घेतली आणि मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणाऱ्या भागाचे) रबर किट टाकले. पुढचे पॅड एका हंगामात दोनदा बदलावे लागले. एका मिस्त्रींचे म्हणणे आहे की बूस्टर कमजोर झाला आहे. दुसऱ्यांनी मागेही डिस्क बसवून घेण्याचा सल्ला दिला आणि सांगितलेला खर्च ऐकून मी घरी परतलो. पैसे घालण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढला आहे.

कराड_चिपळूण

आपण दोन तक्रारी एकत्र मांडल्या आहेत. त्या वेगळ्या केल्या तर शोध सोपा होईल, कारण पेडल पायाला कसे लागते हा एक प्रश्न आहे आणि गाडी किती अंतरात थांबते हा दुसरा. पेडल कडक आणि छान लागूनही गाडी न थांबणे शक्य आहे, तसेच पेडल जरा मऊ लागूनही गाडी व्यवस्थित थांबणे शक्य आहे. मी हेळवाकवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला द्राक्षे पोहोचवतो आणि या दोन्ही प्रकारांतून गेलो आहे.

तापल्यावर ब्रेक कमी पडण्याचेही दोन प्रकार असतात. पेडल घट्ट आहे, जोर लावला जातो आहे, तरी गाडी दबत नाही, याचा अर्थ डिस्कवर घासणाऱ्या पॅडचा किंवा ड्रमला आतून घासणाऱ्या लायनरचा माल त्याच्या सोसण्याच्या मर्यादेपलीकडे तापला आहे आणि त्याचे घर्षण कमी झाले आहे. याउलट पेडल एकाएकी मऊ होऊन फळीपर्यंत जाऊ लागले, तर कॅलिपरमधील (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातील) ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ झाली आहे असे समजावे; वाफ दबते, ऑइल दबत नाही. आपण लिहिलेले लक्षण पहिल्या प्रकारचे दिसते. हे लवकर कळले हे बरे झाले, कारण दुसऱ्या प्रकारात सावरायला वेळच मिळत नाही.

बूस्टरबद्दल बोलायचे तर तो बदलण्याआधी घरच्या घरी पडताळा घ्यावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपून पेडल कडक होते. मग पेडल दाबून धरूनच इंजिन चालू करावे. बूस्टर, व्हॅक्यूम पंप आणि त्यांच्यामधली नळी ठीक असेल तर पाय थोडा खाली गेल्याचे स्पष्ट जाणवते. पाय जागचा हललाच नाही तर त्या बाजूला पाहावे. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा हवा अडवणारा पडदा नसल्यामुळे व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप लागतो. बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीशी जोडलेला असतो. बूस्टरवर ठपका येतो, पण दोष अनेकदा चिरलेल्या नळीत किंवा एकदिशा झडपेत निघतो.

जुना_चालक

आपण घाट कोणत्या गिअरमध्ये उतरता ते लिहिलेले नाही. आमच्या पिढीला एकच नियम शिकवला होता: ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. आता डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये, आणि काही महाभाग तर चक्क इंजिन बंद करून, उतारावर गाडी सोडतात. इंजिन बंद असले की बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि त्यानंतर पेडल दगडासारखे होते. वरील पडताळ्यात आपण मुद्दाम जे करतो, तेच हे लोक भर घाटात करतात.

दुसरे असे की, पूर्ण उतारभर पाय पेडलवर टेकवून ठेवू नये. वेग वाढला की ठाम ब्रेक लावून तो पुरेसा खाली आणावा, पाय पूर्ण उचलावा आणि डिस्कला वारा लागू द्यावा. उतरल्यावर गरम डिस्कवर बाटलीभर पाणी ओतण्याची जी सवय पायथ्याच्या हॉटेलांसमोर दिसते, तीही सोडावी; डिस्कचे तापलेले बीड (ओतीव लोखंड) एका बाजूने एकदम गार झाले की त्याला तडे जातात किंवा ते वाकते.

वाईची_वाट

काका, मी न्यूट्रल मारत नाही. भरलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आणि अवघड वळणांवर दुसऱ्यात उतरवतो. पाय टेकवून ठेवण्याची सवय मात्र आहे, हे मान्य करतो. भरवसा नसला की पाय आपोआप तिथेच राहतो.

बूस्टरचा पडताळा घेतला. इंजिन चालू करताच पाय सुमारे बोटभर खाली गेला. म्हणजे बूस्टरचा खर्च तरी टळला असे समजतो. आणखी एक गोष्ट लक्षात आली. पेडल एकदा दाबले तर खोल जाते, पण लगेच दुसऱ्यांदा दाबले तर बरेच वर मिळते, आणि तेव्हा ते मऊ नसते, चांगले टणक असते.

गणित_आणि_घाट

उष्णतेचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडतो. वाई आणि पाचगणी यांच्या उंचीत साडेपाचशे मीटरांहून अधिक फरक आहे. मालासह गाडीचे वजन ३,००० किलो धरले, तर एवढे उतरताना सुमारे १६ मेगाज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. साधारण ५० लिटर पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते तेवढी ही होते. टायरांचे घर्षण आणि हवा यांत काही भाग जातो, इंजिन काही भाग खाते आणि उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या चार जागी वाटली जाते.

वाटली जाते हा शब्द महत्त्वाचा आहे. चारही चाकांनी आपापला वाटा उचलला तर प्रश्न येत नाही. दोनच चाकांनी सगळे उचलले तर त्यांची गत आपण वर्णन केली तशी होते. त्यामुळे माझा प्रश्न असा की, पुढचे पॅड हंगामात दोनदा संपत असताना मागचे लायनर किती वापरले गेले आहेत?

वाईची_वाट

मागचे लायनर दोन वर्षांपूर्वी टाकले होते. मागच्या महिन्यात ड्रम काढला तेव्हा ते जवळजवळ नव्यासारखे दिसले. मिस्त्री म्हणाले, चांगला माल मिळाला आहे, नशीबवान आहात. पुढच्या डिस्कवर मात्र निळसर झाक आली आहे.

कुपवाडचे_लेथ

दोन वर्षे भाड्याच्या गाडीत राहूनही लायनर नवे दिसतात, यात नशिबाचा काही संबंध नाही. ते काम करत नाहीत म्हणून झिजत नाहीत. माझे कुपवाड औद्योगिक वसाहतीत लेथचे काम आहे आणि ड्रम कातून घेण्यासाठी रोज गाड्या येतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपण लिहिलेले दुसऱ्या दाबाला पेडल वर येण्याचे लक्षण ड्रमचे आहे. लायनर आणि ड्रम यांच्यातील फट वाढली की पहिल्या दाबातले ऑइल केवळ शू (लायनर बसवलेली कमान) ड्रमपर्यंत नेण्यात खर्च होते आणि दुसऱ्या दाबाला खरे काम सुरू होते. हवा असती तरीही पेडल वर आले असते, परंतु ते रबरासारखे लागले असते. आपण टणक लिहिले आहे, त्यामुळे तीनदा हवा काढूनही काही फरक का पडला नाही याचा उलगडा होतो. ही फट आपोआप जुळवणारी दातेरी यंत्रणा काही वर्षांत धूळ आणि गंज यांनी अडकते. ती सोडवून, स्वच्छ करून, फट हाताने जुळवावी. चाक फिरवताना किंचित घासल्याचा आवाज यावा, पण चाक अडू नये. हँडब्रेकची केबल आधी सैल करून मगच हे करावे, नाहीतर केबल ताणून फट लपवली जाते आणि मूळ दोष तसाच राहतो.

ड्रम तापला की फुगून लायनरपासून लांब जातो, त्यामुळे घाटात ही फट आणखी वाढते. डिस्कला ही अडचण नाही. ड्रम कातून घेताना त्यावर कोरलेला कमाल व्यास पाहावा. त्यापुढे कातलेला ड्रम पातळ होऊन अधिक लवकर तापतो आणि नव्या लायनरची गोलाई त्याच्याशी जुळत नाही. मग लायनर फक्त मधोमध टेकतो. लायनर दोन वर्षे नवा दिसण्यामागे हेही असू शकते.

पण हे सगळे धरूनही मागची चाके इतकी आळशी असण्याचे कारण मला पुरेसे वाटत नाही. म्हणून विचारतो: आपण मागे पाटे (भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवले आहेत का?

वाईची_वाट

होय. गेल्या वर्षी दिवाळीनंतर दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. खताच्या फेऱ्यांत गाडी मागून फार बसत होती. आता भरल्यावरही ती सरळ दिसते. याचा ब्रेकशी संबंध असेल असे मला वाटले नव्हते, म्हणून लिहिले नाही. मागे वळून पाहिले तर तक्रार साधारण त्याच सुमारास सुरू झाली.

कुपवाडचे_लेथ

संबंध थेट आहे, आणि तो सांगताना मला बरे वाटत नाही, कारण पाटे वाढवून देणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी गिऱ्हाइकाला हे सांगतो.

गाडीखाली, मागच्या ॲक्सलच्या थोडे पुढे, चॅसिसला बसवलेला एक व्हॉल्व्ह दिसेल. त्याच्यातून एक दांडी किंवा स्प्रिंग निघून ॲक्सलला जोडलेली असते. मागच्या ब्रेकना किती दाब द्यायचा हे हा व्हॉल्व्ह ठरवतो. त्याची गरज अशी की, ब्रेक लावला की वजन पुढे झुकते. रिकाम्या पिकअपचे मागचे टोक आधीच हलके असते, त्यामुळे मागे पूर्ण दाब गेला तर मागची चाके आधी जाम होतात आणि शेपूट बाजूला फिरते. माल भरला की मागच्या चाकांवर भरपूर वजन येते आणि तेथे अधिक दाब द्यायला हवा. व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त अंतर कळते. चॅसिस ॲक्सलच्या जवळ आला म्हणजे माल भरला आहे असे तो धरतो आणि मागचा दाब वाढवतो.

आता आपण पाटा वाढवला. माल भरूनही गाडी खाली बसत नाही, म्हणून व्हॉल्व्हच्या लेखी आपली गाडी कायम रिकामी आहे. दीड टनाच्या भारासह पसरणी उतरताना मागच्या चाकांना रिकाम्या गाडीचाच ब्रेक मिळतो आणि उरलेले सगळे पुढच्या दोन डिस्कवर पडते. निळी डिस्क, जळका वास, हंगामात दोनदा संपणारे पॅड आणि नवेकोरे लायनर या चारही गोष्टी एकाच दांडीला बांधलेल्या आहेत.

हवा काढण्याचाही याच्याशी संबंध आहे. गाडी लिफ्टवर घेऊन मागचा ॲक्सल लोंबकळत ठेवला की हा व्हॉल्व्ह मागची वाट आवळून धरतो, आणि मग मागच्या नळ्यांतील हवा व जुने ऑइल नीट बाहेर येत नाही. चाके जमिनीवर ठेवून किंवा ॲक्सलखाली टेकू देऊन हवा काढावी. काही गाड्यांत व्हॉल्व्हलाही वेगळे निप्पल (हवा काढण्याचे तोंड) असते, ते विसरू नये.

भाड्याची_गाडी

एवढा खटाटोप कशासाठी करायचा? आमच्याकडे बहुतेक जण ती दांडी वर ओढून तारेने बांधून टाकतात. मागचा ब्रेक कायम पूर्ण मिळतो, पैसाही लागत नाही. माझी गाडी तीन वर्षे अशीच चालते आहे.

कराड_चिपळूण

आपली गाडी तीन वर्षे चालली याचा आनंद आहे, पण हा उपाय कोणाला सुचवू नये अशी विनंती करतो. पहिल्या पावसात, रिकामी गाडी, पाटणच्या अलीकडचा ओला डांबरी रस्ता आणि समोर अचानक आलेली म्हैस, एवढे जुळून आले की तारेने बांधलेल्या दांडीचा अर्थ कळतो. मला तो माझ्या मोठ्या भावाच्या गाडीत बसलेलो असताना कळला. ब्रेक लागताच मागची चाके जाम झाली आणि गाडी आडवी फिरून ज्या दिशेने आलो तिकडे तोंड करून थांबली. समोरून वाहन नव्हते, एवढेच. त्या गाडीची दांडी बांधलेली होती हे आम्हाला नंतर खाली वाकून पाहिल्यावर समजले; आधीच्या मालकाने बांधली होती.

पुढची चाके जाम झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ तरी जाते. मागची आधी जाम झाली तर ती फिरते. रिकाम्या परतीच्या फेऱ्या आपण सगळेच करतो.

भाड्याची_गाडी

म्हशीचे उदाहरण पटले. माझी परतीची फेरी बहुतेक भरलेली असते म्हणून निभावले असावे. या रविवारी तार काढून पाहतो.

मिरज_रोड

मागे डिस्क बसवण्याच्या सल्ल्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून माझे मत मांडतो. ब्रेक जर चाके जाम करण्याइतका जोर आजही लावू शकत असतील, तर मोठ्या डिस्कने एका थांबण्याचे अंतर कमी होत नाही, कारण शेवटी गाडी टायरच्या पकडीने थांबते. मोठ्या डिस्कचा फायदा उष्णता सोसण्यात असतो. म्हणजे आपल्या घाटात तो मिळेलही, परंतु त्यासोबत मास्टर सिलिंडर, पुढच्या-मागच्या दाबाचे प्रमाण आणि हँडब्रेक या तिन्हींचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. कॅलिपरचे पिस्टन मोठे घेतले तर तेवढेच ऑइल पुरत नाही आणि पेडल आणखी खोल जाते. पेडल वर यावे म्हणून जाड मास्टर सिलिंडर घातला तर पायाला अधिक जोर लावावा लागतो. २५.४ मिलिमीटरऐवजी २३.८ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर घातला, तर तेवढ्याच जोराला सुमारे १४ टक्के अधिक दाब मिळतो आणि पेडलही तेवढ्याच प्रमाणात अधिक खाली जाते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते.

शिवाय निर्मात्याने नोंदवलेल्या रचनेत असा फेरफार करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकते. पासिंगच्या वेळी आणि त्याहून अधिक विम्याच्या दाव्याच्या वेळी तो प्रश्न उभा राहतो. पाटे वाढवून नोंदणीपुस्तकातील भारक्षमता वाढत नाही, हेही येथेच सांगतो. जादा भार सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे.

स्टीलची जाळी असलेल्या नळ्यांबद्दल अनेक जण विचारतात. जुन्या रबरी नळ्या दाबाखाली किंचित फुगतात, त्या बदलल्या की पेडल टणक लागते. पायाला बरे वाटते, पण तापलेल्या पॅडची अवस्था त्याने बदलत नाही. नळ्यांवर भेगा दिसत असतील तर चांगल्या प्रतीच्या रबरी नळ्याही पुरेशा आहेत.

कृष्णाकाठ

ऑइलबद्दल दोन शब्द. माझी गाडी ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत चाके बुडेपर्यंत पाण्यात उभी होती. गाळ धुतला, ड्रम साफ केले, गाडी चालू झाली आणि मी निश्चिंत झालो. वर्षभराने व्हील सिलिंडर (ड्रममधील शू ढकलणारे) गळू लागले. उघडले तर आतून गंजाचे खड्डे. तेव्हापासून ऑइलकडे बारकाईने पाहतो.

नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ या दर्जाच्या ऑइलसाठी कोरड्या अवस्थेत किमान २०५ अंश आणि ओलावा शोषल्यावर किमान १४० अंश सेल्सिअस अशी अट आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. हे तिन्ही एकाच कुळातले आहेत. डॉट ५ मात्र सिलिकोनचे असते आणि ते यांच्यात मिसळत नाही. नाव सारखे वाटते म्हणून फसू नये. घाटात गाडी चालवणाऱ्याने दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळ्यानंतर, सीलबंद डब्यातील डॉट ४ टाकावे. दुकानदाराने अर्धा वापरून ठेवलेला डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. उघड्या डब्याने किती ओलावा प्यायला हे बाहेरून दिसत नाही.

वाईची_वाट

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, विलंबाबद्दल क्षमस्व. हंगामात गाडी दोन दिवस उभी करणे जमत नव्हते. जे केले ते क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी गाडीखाली गेलो. व्हॉल्व्हची दांडी सापडली, पण ती हलेना. चिखल आणि गंज यांनी तिचा सांधा घट्ट बसला होता आणि ॲक्सलकडचे रबरी बूश संपले होते. म्हणजे पाटा वाढवला नसता तरी ती आज ना उद्या आळशी झालीच असती. सांधा सोडवून नवे बूश घातले. जादा पाटे काढले. मूळ पाट्यांचा बाक गेल्यामुळेच गाडी बसत होती असे पाटेवाल्यांनी दाखवून दिले, म्हणून त्यांना पुन्हा बाक देऊन घेतला. खताची पोती यापुढे किती घ्यायची, यावरून घरात थोडी चर्चा झाली. ती येथे लिहीत नाही.

दांडीची मूळ जागा अंदाजाने न ठरवता सर्व्हिस सेंटरमध्ये दाब मोजून जुळवून घेतली. पुढच्या आणि मागच्या निप्पलला गेज लावून, ठरलेल्या भाराला पुढे किती दाब असताना मागे किती हवा, हे त्यांच्या पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहतात. हे काम पाहायला मिळाले, त्याचेच मला अधिक समाधान आहे.

ड्रम मर्यादेत होते, हलकासा हात मारून कातून घेतले. लायनरची वरची चकाकी काढली, दातेरी यंत्रणा साफ केली, फट जुळवली. पुढच्या डाव्या कॅलिपरची सरकणारी पिन अडकलेली निघाली; त्या बाजूचा एक पॅड तिरका झिजला होता. पिना साफ करून ब्रेकसाठीचे सिलिकोन ग्रीस लावले. मिस्त्री साधे ग्रीस लावणार होते. खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगते हे मी कुठेतरी वाचले होते, म्हणून थांबवले. शेवटी चाके जमिनीवर ठेवून डॉट ४ भरले आणि हवा काढली.

पेडल आता पहिल्या इंचातच काम सुरू करते. भावाकडून उसने आणलेल्या, लांबून तापमान मोजणाऱ्या यंत्राने जुळणी करण्याआधी घाटाच्या पायथ्याला मोजले होते, तेव्हा पुढची डिस्क २९० आणि मागचा ड्रम ८५ अंश होता. परवा तेवढाच माल, तोच घाट, तोच गिअर. डिस्क २१५ आणि ड्रम १४०. वास आला नाही. पाय टेकवून ठेवण्याची सवय सोडण्याचा प्रयत्न चालू आहे.

गणित_आणि_घाट

आकडे बोलके आहेत, पण एक दुरुस्ती सुचवतो. चकचकीत धातू उष्णतेची किरणे कमी सोडतो, त्यामुळे असे यंत्र घासून उजळ झालेल्या डिस्कचे तापमान खऱ्यापेक्षा कमी दाखवते. ड्रमची बाहेरची गंजलेली बाजू बरीच खरी मोजली जाते. आपले आधीचे २९० प्रत्यक्षात अधिक असण्याची दाट शक्यता आहे. दोन्ही वेळी एकाच जागी मोजले असेल तर तुलना मात्र ग्राह्य आहे.

कुपवाडचे_लेथ

ड्रम कातल्यानंतर लायनरला त्याच्याशी जुळायला वेळ द्यावा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर शक्यतो अर्ध्या मालाने आणि घाट टाळून चालवावे. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवावा, मध्ये थंड होऊ द्यावे, असे दहा-बारा वेळा करावे. आपण लगेच पसरणीला गेलात, असो. हजार किलोमीटरनंतर ड्रम काढून लायनर संपूर्ण रुंदीत टेकतो आहे का पाहावे आणि फट पुन्हा एकदा तपासावी. हँडब्रेक किती दातांवर धरतो तेही कळवावे.

वाईची_वाट

पूर्वी नऊ, आता पाच. उद्या भिलारहून माल आहे. हजार किलोमीटर होताच ड्रम उघडून येथे फोटो टाकतो.